नदीच्या चित्रात महिना कुठला?

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही कागद-पेन्सिल द्या आणि निसर्गचित्र काढायला सांगा. दोन डोंगर येतील, मधोमध अर्धा सूर्य, मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी, एक झोपडी आणि शेजारी नारळाचं झाड. (घाटावरच्या मुलांच्याही चित्रात नारळच का असतो, हे मला अजून उलगडलेलं नाही.) आणि डोंगरांच्या फटीतून निघालेली, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे वळत कागदाच्या खालच्या कडेपर्यंत रुंद होत येणारी नदी. निळीशार, काठोकाठ भरलेली. तिच्यात गाळ नसतो, वाळूचं बेट नसतं, उघडा पडलेला कातळ नसतो. काठ रेघेने आखलेले असतात.

मला या चित्राची समीक्षा करायची आहे, कारण ते चित्रकलेच्या तासापुरतं राहत नाही. मोठेपणी तेच चित्र संगणकावर पुन्हा काढलं जातं, महापालिकेच्या सादरीकरणात येतं, फ्लेक्सवर छापलं जातं आणि त्याच्यामागे शेकडो कोटींचं अंदाजपत्रक उभं राहतं. झोपडीच्या जागी सायकल ट्रॅक येतो, पक्ष्यांच्या जागी सेल्फी काढणारं जोडपं. नदी मात्र तीच: निळी, भरलेली, जागची न हलणारी. तुमच्या फोनवर असं एखादं चित्र कधी ना कधी फॉरवर्ड होऊन आलेलं असणारच.

माझा आक्षेप चित्र सुंदर असण्याला नाही. नदी बिघडली की ती 'दुरुस्त' कशी करायची हे ठरवताना आपण नदीकडे पाहण्याऐवजी या चित्राकडे पाहतो, याला आहे. आणि ही खोड फक्त आपल्याकडची नाही. नदी-पुनरुज्जीवनाचं शास्त्र जिथे सर्वांत जास्त पैसा खर्चून वाढलं, त्या अमेरिकेतही याच चित्राने भल्याभल्यांना चकवलं आहे.

कॅलिफोर्नियात गिलरॉय नावाच्या गावाजवळून उवास क्रीक नावाची एक छोटी नदी वाहते. नोव्हेंबर १९९५मध्ये तिचा जेमतेम किलोमीटरभराचा पट्टा 'पुनरुज्जीवित' करण्यात आला. म्हणजे काय केलं, तर यंत्रांनी जमीन उकरून एक सुबक, एकसारख्या वळणांचा प्रवाह तयार केला आणि ती वळणं टिकावीत म्हणून काठांना आधार दिला. तीन महिन्यांत, फेब्रुवारी १९९६मध्ये, पूर आला आणि ती नक्षी वाहून गेली. शतकातून एकदा येणारा वगैरे पूर नव्हता तो. नंतर बर्कलीचे भूरूपशास्त्रज्ञ मॅट कोंडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नदीचा इतिहास तपासला. तेव्हा दिसलं की त्या जागी अशी एकेरी, नागमोडी नदी मुळात नव्हतीच. खडे-गोटे घेऊन येणारी, अनेक धारांत फुटणारी, पुरागणिक जागा बदलणारी ती नदी होती. तिला जे रूप 'परत' दिलं गेलं, ते तिचं कधी नव्हतंच.

मग ते आलं कुठून? तांत्रिक उत्तर असं, की त्या काळात डेव्ह रॉसगेन या जलशास्त्रज्ञाची नद्यांचं वर्गीकरण करण्याची एक पद्धत अमेरिकी सरकारी खात्यांत फार लोकप्रिय झाली होती. नदीचा उतार, रुंदी, खोली, तळाचा दगड मोजायचा, तिला एक अक्षर आणि एक आकडा द्यायचा आणि त्या प्रकारच्या 'चांगल्या' नदीसारखा आकार तिला द्यायचा. थोड्या दिवसांच्या अभ्यासवर्गात हे शिकता येत असे. विद्यापीठांतल्या भूरूपशास्त्रज्ञांनी यावर कडाडून टीका केली. हे भांडण इतकं पेटलं की त्याला 'रॉसगेन युद्ध' म्हटलं जाऊ लागलं, आणि २०१२मध्ये रिबेका लेव्ह यांनी त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

पण कोंडॉल्फ यांनी नंतर दिलेलं दुसरं उत्तर मला जास्त रंजक वाटतं, कारण ते कलेच्या इतिहासातून येतं. इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याने १७५३ साली सौंदर्यावर एक पुस्तक लिहिलं. सौंदर्याचं मूळ एका लवचिक, दोन्हीकडे वळणाऱ्या रेषेत आहे, असं त्याचं म्हणणं. त्याच शतकात केपेबिलिटी ब्राऊन हा बागकाम-रचनाकार इंग्लंडच्या सरदारांच्या वाड्यांभोवती अशाच रेषांची बनावट 'निसर्गदृश्यं' उभारत होता. ब्लेनहाइमच्या राजवाड्यापुढे आज जे शांत, वळणदार पाणी दिसतं, ते ग्लाइम नावाच्या लहानशा नदीला बांध घालून त्याने अडवलेलं आहे. एकसारख्या वळणांची, स्थिर, काठाला हिरवळ असलेली नदी म्हणजे आदर्श नदी, ही आवड अशा बागांत घडत गेली आणि तीच नकळत अभियांत्रिकीच्या आराखड्यांतही उतरली, असा त्यांचा तर्क आहे. मला तो पटतो.

२००८ साली या चित्राला आणखी मोठा तडा गेला. तोवर निदान एवढं तरी मानलं जात होतं की जगातल्या काही भागांत अशी आदर्श नदी खरोखरच असते. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या नद्या हे त्याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण. लूना लिओपोल्ड आणि गॉर्डन वोलमन या दिग्गजांनी १९५०च्या दशकात याच नद्यांवर पायाभूत काम केलं होतं. एक प्रवाह, सुबक वळणं, दोन्ही बाजूंना मातीचे उभे काठ. नदीशास्त्र शिकलेल्या पिढ्यान्पिढ्यांच्या मनातली 'नैसर्गिक नदी' बऱ्याच अंशी इथली.

पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात शिकवणाऱ्या रॉबर्ट वॉल्टर आणि डोरथी मेरिट्स या दोघांनी ते उभे काठ खोदून पाहिले. वर फिकट, बारीक माती, काही ठिकाणी पुरुषभर उंचीची. तिच्या खाली एक काळा, कुजलेल्या पानांचा, बियांचा थर. त्या बिया दलदलीत वाढणाऱ्या वनस्पतींच्या होत्या. म्हणजे युरोपीय लोक येण्याआधी या दऱ्यांत नागमोडी नदी नव्हतीच. होतं ते रुंद पाणथळ, आणि त्यातून झिरपत, फुटत, पुन्हा एकमेकांना मिळत जाणाऱ्या बारीक धारा.

वरची माती कुठून आली? पाणचक्क्यांमुळे. धान्य दळायला, लाकूड चिरायला, लोखंड ठोकायला वसाहतकारांनी ओढ्या-ओढ्यावर बंधारे घातले. १८४०च्या जनगणनेत अमेरिकेच्या पूर्व भागात ६५ हजारांहून जास्त पाणचक्क्या नोंदल्या आहेत. जंगलं तोडून केलेल्या शेतांमधली माती वाहून येऊन या बंधाऱ्यांमागे साचत गेली आणि पाणथळं गाडली गेली. पुढे वाफेची इंजिनं आली, चक्क्या बंद पडल्या, बंधारे फुटले आणि पाण्याने त्या साचलेल्या मातीत एक खोल चर पाडला. काळाच्या ओघात त्याला वळणं आली. काठ उंच आणि उभे राहिले. आणि शे-दीडशे वर्षांनी आलेल्या शास्त्रज्ञांनी त्या चराला नैसर्गिक नदी मानून तिची मोजमापं घेतली.

हे वाचलं तेव्हा मी चाटच पडले. ज्या नमुन्याकडे पाहून आजारी नद्या बऱ्या करायच्या, तो नमुनाच मुळात एका जुन्या आजाराचा व्रण निघाला होता! वॉल्टर-मेरिट्स यांचा निष्कर्ष सगळीकडे सारखा लागू होत नाही, असे आक्षेप आले आणि त्यांत तथ्य आहे. प्रत्येक दरीत चक्की नव्हती. पण प्रश्न कायमचा बदलला. याच दोघांच्या कामावरून पेनसिल्व्हेनियातल्या बिग स्प्रिंग रन नावाच्या ओढ्यावर २०११मध्ये वेगळाच प्रयोग झाला. वळणं वगैरे काढली नाहीत. साचलेली माती उचलून नेली आणि खालचा जुना पाणथळीचा थर मोकळा केला. आज तिथे पाहायला गेलात तर 'नदी' शोधावी लागेल, इतकी ती गवतात पसरलेली आहे. फ्लेक्सवर छापण्याजोगं त्यात काहीही नाही.

मग नदी म्हणजे नेमकं काय, जर ती आकार नाही तर? १९५५ साली एमरी लेन या अभियंत्याने याचं उत्तर तराजूच्या भाषेत दिलं. एका पारड्यात पाणी आणि उतार. दुसऱ्यात गाळ आणि त्याच्या कणांचा जाडपणा. एक पारडं हललं की नदी तळ खणते किंवा तळ भरते आणि पुन्हा तोल साधू पाहते. धरणात गाळ अडकला की खाली सुटणारं पाणी स्वच्छ दिसतं, पण ते भुकेलेलं असतं. वाहून न्यायला माती नाही म्हणून ते स्वतःचाच तळ आणि काठ कुरतडतं. वळणांचंही तसंच. वळणावर पाणी पिळा घेतं, बाहेरचा काठ खातं, आतल्या बाजूला वाळू टाकतं. (कपातला चहा ढवळल्यावर चहाची पूड कडेला न जाता तळाशी मधोमध का जमते, या प्रश्नापासून सुरुवात करून आइन्स्टाइनने १९२६ साली नदीच्या वळणांवर एक छोटा निबंध लिहिला होता. चहा गाळून पिणाऱ्यांना हा प्रयोग मुद्दाम करावा लागेल.) म्हणजे वळण ही गोष्टच मुळात सरकणारी आहे. ते सिमेंटने जागी बसवलं की उरतो तो वळणाच्या आकाराचा कालवा.

म्हणून मला अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या एल्व्हा नदीची गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे नदीचं चित्र कुणी काढलंच नाही. या नदीवर १९१३ आणि १९२७मध्ये दोन धरणं पूर्ण झाली, एक ३३ मीटर उंच, दुसरं ६४ मीटर. सामन माशांना समुद्रातून वर जायला एकाही धरणात वाट ठेवली नव्हती. समुद्रापासून जेमतेम आठ किलोमीटरवर त्यांचा रस्ता संपायचा. नदीच्या मुखाशी राहणाऱ्या क्लालम लोकांचं अन्न आणि त्यांची पवित्र जागा दोन्ही त्या पाण्याने गिळली. त्यांच्या दीर्घ लढ्यानंतर १९९२मध्ये कायदा झाला. प्रत्यक्ष तोडकाम सुरू व्हायला २०११ उजाडलं आणि संपायला २०१४.

धरणं एकदम उडवली नाहीत. थोडं तोडायचं, थांबायचं, नदीला साचलेला गाळ वाहू द्यायचा, मासे वर चढायच्या काळात काम बंद ठेवायचं, पुन्हा तोडायचं. जलाशयांच्या उघड्या पडलेल्या तळावर स्थानिक झाडांची रोपं आणि बिया लावल्या. पण नदीचा मार्ग आखला नाही. तो तिचा तिने शोधला. पहिल्या पाच वर्षांत सुमारे २ कोटी टन गाळ खाली आला.

आता हे दिसायला कसं असेल, याची कल्पना करा. काही वर्षं ती नदी ओल्या सिमेंटसारखी वाहत होती. उपटलेले ओंडके, चिखलाचे ढीग, राखाडी पाणी. २०१२मध्ये या गाळाने पाणीपुरवठ्याच्या नव्या व्यवस्थेच्या जाळ्या तुंबल्या आणि तोडकाम सुमारे वर्षभर थांबवावं लागलं. पुढे तळ भरत गेल्यावर नदी बाजूला सरकली, राष्ट्रीय उद्यानातल्या तंबू ठोकायच्या जागा गेल्या, रस्ता वाहून गेला. सुमारे ३२.५ कोटी डॉलर खर्च झालेल्या प्रकल्पाचे हे फोटो आपल्याकडच्या एखाद्या पालिकेच्या सभेत दाखवले, तर आयुक्तांची बदली होईल.

पण त्याच गाळाने मुखाशी नवा किनारा घडवला. जिथे आधी लाटांनी झिजवलेले गोटे उरले होते तिथे वाळू आली, खेकडे आले. नदीच्या वरच्या भागात सामन पोचले. बुडालेली पवित्र जागा पुन्हा उघडी पडली. माशांची संख्या सावरावी म्हणून मासेमारी अनेक वर्षं पूर्ण बंद होती. २०२३मध्ये क्लालम लोकांनी पहिल्यांदा, अगदी मर्यादित प्रमाणात, या नदीत पुन्हा मासे धरले. तोडकाम संपल्यापासून नऊ वर्षं. एका निवडणुकीत मावणारा हा काळ नव्हे.

याउलट, देखणं काम करूनही नदीत जीव परतत नाही, याचाही पुरावा आहे. मार्गरेट पामर आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये ७८ नदी-ओढा प्रकल्पांचा आढावा घेतला. त्यांत वळणं काढली होती, दगड टाकले होते, तळ उंच-सखल केला होता. पाण्यातल्या किड्या-अळ्यांची विविधता खात्रीने वाढली होती ती फक्त दोन ठिकाणी. 'घर बांधा, पाहुणे येतील' हा हिशेब चुकला, कारण वरून येणारं पाणी तेच होतं: शहराच्या डांबरावरून धावत आलेलं, तेल आणि मैला घेतलेलं.

सोलमधल्या चंगेचनचं नाव इथे हमखास निघतं. ५.८ किलोमीटरचा तो प्रवाह, उड्डाणपूल पाडून २००५मध्ये खुला केलेला, खरोखर देखणा आहे, आणि शहराच्या मधोमध माणसांना पाण्याजवळ बसायला मिळणं ही काही छोटी गोष्ट नाही. पण त्यातलं बहुतेक पाणी हान नदीतून पंपाने आणून सोडलेलं आहे. ती उत्तम बाग आहे, तिला बागच म्हणू या. साबरमतीच्या काठावर फिरतानाही हे लक्षात ठेवलेलं बरं: तिथलं संथ, भरलेलं पाणी नर्मदेच्या कालव्यातून आलेलं आणि खाली वासणा बराजाने अडवलेलं आहे. ब्राऊनने ब्लेनहाइमला केलं तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर.

आपल्याकडे तर दोन चित्रं आहेत. एक शहरी, त्याबद्दल बोललोच. दुसरं ग्रामीण, आणि त्याची समीक्षा जवळजवळ होतच नाही. ओढा जेसीबीने सरळ, रुंद, खोल केलेला, दोन्ही बाजूंना मुरमाचे ढीग आणि मधे पहिल्या पावसाचं तुडुंब पाणी, असा फोटो तुम्ही व्हॉट्सॲपवर पाहिलाच असेल. शिरपूर पॅटर्न आणि नंतर २०१४च्या अखेरीस आलेलं जलयुक्त शिवार यांनी हे चित्र गावोगाव नेलं. पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला त्या फोटोचं काय मोल असतं, ते शहरात बसून हिणवण्यात अर्थ नाही. पण वाळू आणि गोटे हा ओढ्याचा कचरा नसतो. पाणी त्यातच मुरतं, सावकाश पुढे सरकतं, उन्हाळ्यापर्यंत टिकतं. ते काढून खाली कातळ उघडा पाडला तर उरतो एक लांबट हौद, आणि कडेची माती पुढच्या पावसात पुन्हा आत येतेच. या खोलीकरणावरचे आक्षेप मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले होते आणि सरकारला माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती. फोटो मात्र फिरत राहिले.

आपल्या शब्दांचंही यात काही चालतं. सरकारी कागदात 'नदी सुधार' असतो, जणू नदीला वाईट संगत लागली होती आणि आता तिला सुधारगृहात पाठवायचं आहे. 'पुनरुज्जीवन' त्याहून भारदस्त, पण त्यात ती मेली होती आणि आम्ही तिला उठवलं असा थाट आहे. गंमत म्हणजे हलणाऱ्या नदीसाठीचे चांगले शब्द मराठीत आहेत. पुराने आणून टाकलेल्या सुपीक पट्ट्याला मळई म्हणतात. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीत घेतल्या जाणाऱ्या पिकाला गाळपेर म्हणतात. पाणी येणार, गाळ टाकणार आणि जाणार, हे गृहीत धरूनच हे शब्द बनले आहेत. त्यांना बाजूला सारून आपण 'रिव्हरफ्रंट' घेतला, ज्यात नदीला एक दर्शनी बाजू असते आणि ती कायम तिथेच असते.

दख्खनच्या नद्यांना हे चित्र तर मुळीच बसत नाही. त्या बऱ्याच ठिकाणी कातळात अडकलेल्या आहेत, मऊ मातीत मनसोक्त वळणं घेणाऱ्या नाहीत. आणि वर्षभराचं काम त्या पावसाळ्याच्या चार महिन्यांत उरकतात. पुणे विद्यापीठाचे भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे यांनी नर्मदा-तापीसारख्या मोसमी नद्यांवर अनेक वर्षं काम करून दाखवलं की त्यांची पात्रं घडवण्यात मोठ्या पुरांचा वाटा फार मोठा आहे. म्हणजे मे महिन्यात रुंद, मोकळं, 'वाया गेलेलं' वाटणारं पात्र हे जुलैच्या मापाने शिवलेलं असतं. त्या मोकळ्या जागेला पडीक समजून भिंत पुढे सरकवली, तर पाणी उंच चढतं. निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे नियमात लिहिलेलं आहे. संकल्पचित्रात या दोन रेषा मला अजून तरी दिसलेल्या नाहीत.

म्हणून असं चित्र समोर आलं की मी एकच प्रश्न विचारते: या चित्रात महिना कुठला आहे? पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर लांबीच्या पट्ट्याचा काठ-विकास चालू आहे. साबरमतीचा आराखडा ज्या संस्थेने केला तिनेच हाही केला आहे. त्यावरचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. त्याची चित्रं पाहा. पाणी भरपूर आहे, म्हणजे पावसाळा असावा. पण पाणी निळं आणि संथ आहे, पायऱ्यांवर माणसं बसली आहेत, म्हणजे पावसाळा नसावा. खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाला की मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली जातो, ही पुण्यातली दरवर्षीची बातमी. २५ जुलै २०२४च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत पाणी शिरलं तेव्हा ते निळं नव्हतं. आणि मे महिन्यात त्याच मुठेत जे वाहतं, ते बहुतांशी आपल्या घरांतूनच आलेलं असतं. चित्रातलं पाणी या दोन्हींपैकी कुठलंच नाही.

म्युनिक शहराने इझार नदीच्या ८ किलोमीटरच्या पट्ट्यावर २००० ते २०११ या काळात काम केलं. तिथे त्यांनी काँक्रीटचे काठ काढले, पात्र रुंद केलं आणि संरक्षणाचे दगड नव्या काठापासून मागे, जमिनीत पुरून ठेवले. नदीने तिथपर्यंत काठ खाल्ला तर ते दगड उघडे पडतील आणि तिला थांबवतील. तोवर तिला हवं तसं हलता येईल. लोक तिथे उन्हात पडतात, पोहतात, बिअर पितात, आणि पूर येऊन गेला की गोट्यांची बेटं दुसरीकडे सरकलेली असतात. या कामाचं संकल्पचित्र काढणाऱ्याची पंचाईतच झाली असणार, कारण पुढच्या वर्षी बेट कुठे असेल हे त्यालाही माहीत नव्हतं.

भिडे पुलाचे फोटो वर्तमानपत्रांच्या संग्रहात वर्षानुवर्षांचे असतील, जुलैचेही आणि मेचेही. नव्या काठाचं चित्र पुढच्या वेळी सभेत दाखवलं जाईल, तेव्हा त्याच्या शेजारी त्याच जागेचे हे दोन फोटो लावावेत, तारखेसकट.